सर्व्हरवर सुरक्षा एजंट टाकण्याआधी कर्नल जुळतो का ते कसं तपासावं

सोलापूरकडच्या एका पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर सुरक्षा एजंट, म्हणजे सर्व्हरवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम, बसवला, त्या दिवशी मी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती पाहिली होती. व्हेंडरच्या, म्हणजे एजंट बनवणाऱ्या कंपनीच्या, यादीत ती होती. एजंट बसला, सर्व्हिस सुरू झाली, कन्सोलवर मशीन हिरवं दिसलं आणि मी पुण्याला परतलो. दोनेक महिन्यांनी तिथली वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या, सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला. उठताना तो वेगळ्याच कर्नलवर उठला. हा नवा कर्नल आपोआप होणाऱ्या अपडेटमधून केव्हाच डिस्कवर येऊन बसला होता, फक्त रीबूट व्हायचं बाकी होतं. एजंटला तो ओळखता येईना. सर्व्हिस चालू होती, पण फाइल उघडताना ती तपासणं, प्रोसेसवर नजर ठेवणं, हे सगळं बंद पडलं होतं. मला ते कळलं ४० दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी लॉग चाळताना.

चूक माझी होती. चालू असलेला कर्नल मी पाहिला, पुढे येऊ घातलेला पाहिला नाही. एजंट बसला म्हणजे पहारा सुरू झाला, असं मी गृहीत धरलं. सर्व्हर नव्याने सांभाळायला घेतलेल्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

वाचताना एक लक्षात ठेवा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

कर्नल जुळायला का लागतो

वेब सर्व्हर, डेटाबेस किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर टाकताना आपण कर्नलची फारशी फिकीर करत नाही आणि ते बरोबरच आहे. असे प्रोग्रॅम कर्नलशी सिस्टिम कॉलच्या ठरलेल्या दारातूनच बोलतात. हे दार मोडायचं नाही, हा लिनक्सच्या मूळ विकासकांचा जुना आणि कडक नियम आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा साधा प्रोग्रॅम आजच्या कर्नलवरही बहुतेक वेळा चालतो.

सुरक्षा एजंटचं काम दाराबाहेर उभं राहून होत नाही. कोणती प्रोसेस कोणती फाइल उघडते, कोण कुठे नेटवर्क जोडणी करतं, हे त्याला घडता घडता पाहायचं असतं आणि गरज पडली तर अडवायचंही असतं. त्यासाठी तो कर्नलच्या आत शिरतो किंवा आतल्या एखाद्या खिडकीतून पाहतो. आतल्या रचनेबाबत मात्र लिनक्सने कुणालाही कसलंच वचन दिलेलं नाही. आतली फंक्शन आणि स्ट्रक्चर एका आवृत्तीतून दुसरीत बदलतात, आणि ती बदलायची मोकळीक हवी म्हणूनच ती मुद्दाम स्थिर ठेवलेली नाहीत.

एजंट आत पाहतात ते साधारण तीन मार्गांनी. पहिला मार्ग कर्नल मॉड्यूलचा. ही कर्नलला जोडली जाणारी बायनरी फाइल एका ठरावीक कर्नलसाठी घडवलेली असते. किल्लीचे दात एका कुलपाला बसतात, शेजारच्या कुलपाला नाही, तसा हा प्रकार आहे. दुसरा मार्ग ईबीपीएफचा. यात एजंट छोटा प्रोग्रॅम कर्नलला देतो, कर्नल तो आधी तपासून घेतो आणि मगच चालवतो. हा मार्ग बराच सुरक्षित आणि लवचीक आहे, पण त्यालाही कर्नलमध्ये काही सोयी लागतात आणि त्या जुन्या कर्नलमध्ये नसतात. तिसरा मार्ग फॅनोटिफायचा. फाइल उघडली जात असताना कर्नल एजंटला विचारतो, जाऊ देऊ का? फॅनोटिफाय २.६.३७ पासून, म्हणजे २०११ पासून कर्नलमध्ये आहे. क्लॅमएव्ही या मुक्त अँटिव्हायरसचं फाइल उघडताना होणारं स्कॅनिंग आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची लिनक्सवरची तपासणी त्याच्याच आधाराने चालते.

म्हणून पहिली चौकशी ही: आपला एजंट यांपैकी कोणता मार्ग वापरतो? व्हेंडरच्या कागदपत्रांत ते लिहिलेलं असतं. तिथे सापडलं नाही तर विक्रेत्याच्या सपोर्टला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

हे प्रकरण किती गंभीर होऊ शकतं ते २०२४ ने दाखवलं. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती घटना विंडोजवरची आणि तिचं कारणही वेगळं होतं. पण त्याच्याच आधीच्या महिन्यात रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक इशारा दिला होता, तो थेट आपल्या विषयाचा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स (आरएचईएल) ९.४ च्या ५.१४.०-४२७.१३.१ या कर्नलवर मशीन बूट झाल्यावर क्राउडस्ट्राइकच्याच फाल्कन सेन्सर या एजंटच्या प्रोसेसमुळे कर्नल पॅनिक होत होतं, म्हणजे कर्नलच कोसळत होता. म्हणजे कर्नल आणि एजंट जुळले नाहीत तर दोन गोष्टी होऊ शकतात: सर्व्हर पडतो, किंवा एजंट गुपचूप आंधळा होतो. सर्व्हर पडला तर निदान लगेच फोन येतो. मला भीती वाटते ती दुसऱ्या शक्यतेची.

पायरी १: आत्ता चालू असलेला कर्नल

टर्मिनल उघडा आणि ‘युनेम -आर’ टाइप करा. युनेम म्हणजे यू-एन-ए-एम-ई. समोर एक ओळ येईल, तिचा प्रत्येक तुकडा वाचायला शिका.

उबुंटू २२.०४ वर ‘५.१५.०-९१-जेनेरिक’ असं काही दिसेल. ५.१५.० ही मूळ आवृत्ती, ९१ हा उबुंटूचा स्वतःचा क्रमांक, जेनेरिक हा कर्नलचा प्रकार. तो ९१ नगण्य समजू नका. उबुंटूवर तो क्रमांक बदलला की मॉड्यूलही त्या क्रमांकासाठी नव्याने बांधलेलं लागतं. शेवटी ‘जेनेरिक’ऐवजी ‘एडब्ल्यूएस’, ‘अझ्युअर’ किंवा ‘जीसीपी’ असेल तर तो त्या क्लाउडसाठी वेगळा बांधलेला कर्नल आहे आणि व्हेंडरच्या यादीत त्याची ओळ वेगळी शोधावी लागते. क्लाउडवर आणखी एक चकवा आहे. उबुंटू २२.०४ म्हटलं की ५.१५ असणार असं आपण धरून चालतो, पण क्लाउडचे कर्नल पुढे सरकत राहतात आणि त्याच २२.०४ वर ६.८ चालू असलेला सापडतो.

रेड हॅट घराण्यात, म्हणजे आरएचईएल, रॉकी, अल्मा यांत, ‘५.१४.०-४२७.१३.१.ईएल९_४.एक्स८६_६४’ असं लांबलचक नाव येतं. ईएल९_४ म्हणजे ९.४ ही उपआवृत्ती. या घराण्याचे आकडे पाठ करून ठेवायला सोपे आहेत: ७ साठी ३.१०, ८ साठी ४.१८, ९ साठी ५.१४, १० साठी ६.१२. पण ४.१८ पाहून हा २०१८ चा जुना कर्नल आहे असं मानू नका. रेड हॅट नव्या कर्नलमधल्या कितीतरी गोष्टी मागे आणून त्यात घालत असते. त्यामुळे एखाद्या साधनाला ५.८ लागतो असं लिहिलेलं असलं तरी रेड हॅटच्या ४.१८ मध्ये हवी ती सोय असू शकते. आकड्यावर विसंबू नका, ती सोय खरोखर आहे का ते बघा. ते कसं बघायचं ते पायरी ५ मध्ये येईल.

डेबियनचं प्रकरण आणखी वेगळं. डेबियन १२ वर ‘६.१.०-१८-एएमडी६४’ असं नाव येतं, पण खरी आवृत्ती असते ६.१.७६. नावातलं ६.१.० कायम राहतं, आतला कर्नल बदलत जातो. म्हणून डेबियनवर ‘युनेम -व्ही’ सुद्धा चालवा. त्या ओळीच्या शेवटाकडे पॅकेजची खरी आवृत्ती तारखेसकट मिळते.

नावात ‘यूईके’ दिसलं तर तो ओरॅकलचा स्वतःचा कर्नल. ओरॅकल लिनक्सवर दोन प्रकारचे कर्नल असतात, एक रेड हॅटशी सुसंगत आणि दुसरा हा यूईके. कित्येक एजंट पहिल्यावर चालतात, दुसऱ्यावर ठरावीक आवृत्तीतच चालतात. ‘ईएलरेपो’ किंवा ‘पीव्हीई’ दिसलं तर कुणीतरी बाहेरून आणलेला किंवा प्रॉक्समॉक्सचा कर्नल आहे. असे कर्नल व्हेंडरच्या यादीत सहसा नसतातच.

जोडीला ‘युनेम -एम’ पाहून घ्या. एक्स८६_६४ आलं तर नेहमीचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, एआर्च६४ आलं तर आर्म. एडब्ल्यूएसवर स्वस्त पडतात म्हणून ग्रॅव्हिटॉनची मशीन घेतली जातात, ती आर्मची असतात आणि त्यांच्यासाठी एजंटचं पॅकेज वेगळं लागतं.

पायरी २: पुढच्या रीबूटला कोणता कर्नल येणार

माझं चुकलं ते इथे. युनेम फक्त चालू कर्नल सांगतो. डिस्कवर त्याहून नवा कर्नल बसलेला असू शकतो आणि सर्व्हर वर्षभर रीबूट झाला नसेल तर तसा तो असतोच.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘डीपीकेजी -एल’ची यादी काढा आणि तिच्यात ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणारी पॅकेजेस पाहा. रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -क्यू कर्नल’ चालवलं की बसलेले सगळे कर्नल येतात, आणि ‘ग्रबी --डिफॉल्ट-कर्नल’ पुढच्या वेळी कोणता बूट होणार ते सांगतं. ग्रबी म्हणजे जी-आर-यू-डबल बी-वाय. उबुंटूवर ‘/व्हार/रन/’ या फोल्डरमध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली तर काहीतरी रीबूटसाठी अडून राहिलं आहे. रेड हॅटवर हेच ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ सांगतं.

दोन्ही कर्नल वहीत लिहा, आज चालू असलेला आणि उद्या येणारा. यादीत दोघांचीही नावं सापडली पाहिजेत.

सर्व्हरवर लाइव्ह पॅचिंग असेल तर तेही टिपून ठेवा. अशा मशीनवर कर्नलचे दोष रीबूट न करता चालत्या मेमरीत दुरुस्त होतात, पण युनेमचं उत्तर बहुधा तेच राहतं. असा पॅच केलेला कर्नल एजंटच्या व्हेंडरला चालतो का, हे त्यालाच विचारायला हवं.

पायरी ३: कर्नल तुमच्या ताब्यात आहे का

ही पायरी लहान आहे, पण स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, घेतलेल्या अनेकांचा दिवस तिथेच वाया जातो. ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ चालवा. उत्तर ‘केव्हीएम’, ‘व्हीएमवेअर’ किंवा ‘नन’ आलं तर कर्नल तुमचा. ‘ओपनव्हीझेड’ किंवा ‘एलएक्ससी’ आलं तर तुम्ही कंटेनरमध्ये आहात. युनेम दाखवतो तो कर्नल यजमान मशीनचा असतो. तुम्हाला तो बदलता येत नाही आणि त्यात मॉड्यूलही घालता येत नाही. अशा जागी कर्नलच्या आत शिरणारा एजंट चालणार नाही. होस्टिंगवाल्याकडून केव्हीएमचा प्लॅन घ्या, नाहीतर फक्त फाइल स्कॅन करणाऱ्या साधनावर भागवा.

पायरी ४: व्हेंडरची यादी नीट वाचणं

‘उबुंटू २२.०४ सपोर्टेड’ एवढंच वाचून इन्स्टॉलर चालवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. डिस्ट्रोला, म्हणजे उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या प्रकाराला, सपोर्ट आहे म्हणजे त्या डिस्ट्रोच्या प्रत्येक कर्नलला आहे असं नाही. बऱ्याच व्हेंडरच्या दोन याद्या असतात, एक डिस्ट्रोंची आणि दुसरी कर्नलची. दुसरी यादी जरा आत दडलेली असते, ती शोधा.

त्या यादीत वाचायचं काय? पहिलं म्हणजे कर्नलचं नाव शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं का. दुसरं, कर्नलसमोर एजंटची कोणती आवृत्ती लिहिली आहे. एखादा कर्नल एजंटच्या नव्या आवृत्तीलाच चालतो आणि तुमच्या कंपनीने डाउनलोड करून ठेवलेला इन्स्टॉलर आठ महिन्यांपूर्वीचा असतो, असं फार होतं. तिसरं, आर्किटेक्चर. चौथं, आणि हे सगळ्यात कमी लोक वाचतात: कर्नल यादीत नसला तर एजंट काय करतो.

या चौथ्या मुद्द्यावर प्रत्येकाची रीत निराळी आहे. क्राउडस्ट्राइकचा फाल्कन अनोळखी कर्नलवर ‘रिड्यूस्ड फंक्शनॅलिटी मोड’मध्ये जातो. तो चालू असतो, पण त्याचं बरंचसं काम थांबलेलं असतं. ‘फाल्कनसीटीएल -जी --आरएफएम-स्टेट’ विचारलं की तो खरं सांगतो. उत्तर ‘फॉल्स’ असेल तर ठीक. ट्रेंड मायक्रोचा डीप सिक्युरिटी एजंट नव्या कर्नलसाठी स्वतंत्र ‘कर्नल सपोर्ट पॅकेज’ वापरतो. कर्नल अपडेट करण्याआधी ते पॅकेज मॅनेजरवर आणून ठेवलेलं असलं पाहिजे. सर्व्हर इंटरनेटपासून तोडलेला असेल, आणि बँका-पतसंस्थांमध्ये तो तसा असतोच, तर ते हाताने न्यावं लागतं. काही एजंट इन्स्टॉल व्हायलाच नकार देतात. माझ्या मते ही सगळ्यात प्रामाणिक वागणूक आहे, निदान पहारा नाही हे लगेच कळतं.

विक्रेत्याचा माणूस फोनवर ‘चालेल हो सर’ म्हणतो, त्यावर काम करू नका. त्याला कर्नलचं पूर्ण नाव मेलने पाठवा आणि होकार लेखी घ्या. हे अविश्वासातून सांगत नाही. तुमच्या सर्व्हरवर नेमकं काय चालू आहे ते त्याला ठाऊक नसतं.

यादीत तुमची डिस्ट्रोच नसेल तर तेही काही सांगतं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, सेंटओएस ८ चा तर २०२१ च्या अखेरीसच. तरी ही मशीन अजून कामात दिसतात. नवे एजंट त्यांना हळूहळू सोडून देत आहेत. अशा सर्व्हरवर जुन्या आवृत्तीचा एजंट कसाबसा बसवून समाधान मानण्यापेक्षा तो पैसा आणि वेळ स्थलांतरावर खर्च करा.

पायरी ५: कर्नलच्या आत हव्या त्या सोयी आहेत का

कर्नल बांधताना कोणत्या सोयी चालू ठेवल्या याची नोंद ‘/बूट/’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग-’ या नावाने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये असते. हायफनच्या पुढे कर्नलचं पूर्ण नाव असतं. ती फाइल तिथे नसेल तर काही सिस्टिमवर तीच नोंद ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’ मध्ये सापडते.

एजंट फॅनोटिफाय वापरत असेल तर त्या फाइलमध्ये ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडने ‘फॅनोटिफाय’ शोधा. हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत लिहायचं. दोन ओळी महत्त्वाच्या: ‘कॉन्फिग_फॅनोटिफाय’ आणि ‘कॉन्फिग_फॅनोटिफाय_अ‍ॅक्सेस_परमिशन्स’. दोन्हींसमोर ‘वाय’ हवा. पहिलीसमोर वाय आहे आणि दुसरी बंद आहे, असं असेल तर एजंटला फाइल उघडल्याची खबर मिळेल, पण ती अडवता येणार नाही. व्हायरस दिसेल आणि थांबणार नाही.

एजंट ईबीपीएफ वापरत असेल तर ‘/सिस/कर्नल/बीटीएफ/’ या फोल्डरमध्ये ‘व्हीएमलिनक्स’ ही फाइल आहे का पाहा, साध्या एलएसने दिसते. बीटीएफ म्हणजे कर्नलच्या आतल्या रचनेचा नकाशा. तो असेल तर एकदाच बांधलेला ईबीपीएफ प्रोग्रॅम वेगवेगळ्या कर्नलवर स्वतःला जुळवून घेतो. फाल्को हे मुक्त साधन याचं चांगलं उदाहरण आहे. त्याच्या नव्या ईबीपीएफ प्रोबला साधारण ५.८ पासूनचा कर्नल लागतो, किंवा त्या सोयी मागे आणून घातलेला जुना कर्नल. शिकणाऱ्यांनी घरच्या व्हर्च्युअल मशीनवर फाल्को लावून बघावं. कर्नल आणि पहारेकरी यांचं नातं त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या मॅन्युअलमधून कळत नाही.

एजंट मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधणारा असेल, म्हणजे डीकेएमएस वापरणारा, तर चालू कर्नलचे हेडर, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्याच्या फाइली, लागतात. उबुंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-’ आणि रेड हॅटवर ‘कर्नल-डेव्हेल-’, पुढे युनेमने दिलेलं नाव. दोन्ही आकडे अगदी तंतोतंत एक हवेत. हेडर नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल जुना, या एका कारणाने बिल्ड अडलेलं मी असंख्य वेळा पाहिलं आहे.

पायरी ६: सिक्युअर बूट

‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ चालवा. मोकयूटिल म्हणजे एम-ओ-के-यू-टी-आय-एल. ‘एनेबल्ड’ आलं तर कर्नल फक्त विश्वासू सही असलेलं मॉड्यूल आत घेईल. व्हेंडरची सार्वजनिक किल्ली तुमच्या मशीनमध्ये नोंदवावी लागेल आणि ती नोंद रीबूटच्या वेळी, निळ्या पडद्यावर, कीबोर्डसमोर बसून पक्की करावी लागते. एसएसएचवरून ते होत नाही. सर्व्हर दुसऱ्या गावात असेल तर रिमोट कन्सोल चालतो ना, हे आधी पाहा. एजंट चालत नाही म्हणून सिक्युअर बूटच बंद करायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. एक कुलूप लावण्यासाठी दुसरं काढून ठेवण्यासारखं आहे ते. करू नका.

पायरी ७: आधीच कुणी बसलंय का

जुन्या एजंटचे अवशेष शोधा. ‘एलएसमॉड’ने चालू मॉड्यूल पाहा, पॅकेजच्या यादीत जुन्या अँटिव्हायरसचं नाव आहे का पाहा. फाइल अडवण्यासाठी फॅनोटिफाय वापरणारे दोन एजंट एकाच मशीनवर ठेवले तर ते एकमेकांची वाट पाहत बसतात आणि अख्खी सिस्टिम लटकू शकते. मायक्रोसॉफ्टने डिफेंडरच्या बाबतीत हे स्पष्ट लिहिलं आहे. जुना एजंट काढल्यावर एकदा रीबूट करा, तोवर त्याचं मॉड्यूल मेमरीत असू शकतं.

आता बसवा, आणि मग खात्री करा

आधी स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरच्या आत्ताच्या स्थितीची प्रत, घ्या. शक्य असेल तर तोच कर्नल असलेल्या चाचणी मशीनवर आधी बसवा. नंतर खऱ्या सर्व्हरवर बसवताना कामकाजाची वेळ टाळा, पतसंस्थेत रविवार बरा. आणि बसवल्यावर तुम्ही स्वतः समोर असताना एकदा रीबूट करा. सर्व्हर कधीतरी रीबूट होणारच आहे. तो तुमच्या डोळ्यांसमोर झालेला चांगला, रात्री वीज जाऊन झालेला नको.

रीबूटनंतर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ हिरवं दिसलं की बहुतेक जण लॅपटॉप मिटतात. त्या हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच की प्रोसेस जिवंत आहे. पुढचं तपासा.

‘डीमेसेज’ वाचा, डी-एम-ई-एस-जी. ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ दिसलं तर मॉड्यूल वेगळ्या कर्नलसाठी बांधलेलं आहे. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ दिसलं तर सहीचा प्रश्न आहे, पायरी ६ वर परत जा. ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’ ही फाइल कॅटने वाचली की एक आकडा येतो. ० म्हणजे कर्नलमध्ये बाहेरचं काही शिरलेलं नाही. १ म्हणजे मालकी परवान्याचं मॉड्यूल, ४०९६ म्हणजे मूळ कर्नलबाहेर बांधलेलं, ८१९२ म्हणजे सही नसलेलं, आणि या आकड्यांची बेरीज दिसते. १२२८९ आलं तर तिन्ही गोष्टी एकदम. एजंट मॉड्यूलचा असेल आणि आकडा ० असेल, तर ते मॉड्यूल चढलेलंच नाही.

मग एजंटला त्याच्याच भाषेत विचारा. फाल्कनला आरएफएम-स्टेट, डिफेंडरला ‘एमडीएटीपी हेल्थ’, आणि त्यात रिअल-टाइम संरक्षण चालू आहे का ती ओळ.

शेवटी खरी परीक्षा घ्या. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते, बहुतेक अँटिव्हायरस ती मुद्दाम पकडतात. ती सर्व्हरवर तयार करा आणि उघडून पाहा. फाइल क्वारंटाइनमध्ये गेली आणि कन्सोलवर अलर्ट आला, तर आत्ता पहारा आहे. फाइल तशीच पडून राहिली तर वरचे सगळे हिरवे दिवे विसरून पुन्हा पायरी ४ वर जा.

पुढच्या प्रत्येक कर्नलसाठी

एजंट बसवला त्या दिवशीची खात्री पुढच्या कर्नल अपडेटपर्यंतच टिकते. म्हणून कर्नल अपडेट आपोआप होऊ देऊ नका. उबुंटूवर ‘एपीटी-मार्क होल्ड’ने लिनक्स-इमेज-जेनेरिक आणि त्याच्या हेडरचं पॅकेज रोखता येतं, रेड हॅटवर डीएनएफचं व्हर्जनलॉक प्लगइन आहे. पण रोखणं म्हणजे महिनोन्‌महिने विसरणं नव्हे. मार्च २०२२ मध्ये उघड झालेली डर्टी पाइप ही त्रुटी आठवा. ५.८ पासूनच्या कर्नलवर साधा वापरकर्ता रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेला, होऊ शकत होता. असा पॅच आला आणि व्हेंडरची यादी अजून मागे असेल, तर मी कर्नलला झुकतं माप देतो: पॅच लावतो, एजंट काही दिवस अर्धवट राहील हे संस्थेला लेखी कळवतो आणि तेवढ्या काळात बाहेरून येणारे रस्ते आवळतो.

नवा कर्नल त्रास देऊ लागला तर जुना डिस्कवर असतोच. रेड हॅट घराणं साधारण तीन कर्नल ठेवतं. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना निवडा, सर्व्हर उठवा, मग शांतपणे विचार करा. म्हणून जागा कमी पडते म्हणून जुने कर्नल सरसकट पुसू नका, चालता-फिरता एक तरी राखा.

भारतातल्या संस्थांसाठी यात कायद्याचाही भाग आहे. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. एजंट आंधळा असला तर घटना कळतच नाही, आणि नंतर चौकशीत दाखवायला त्या दिवसांचे लॉगही नसतात. माझ्या त्या ४० दिवसांत काही घडलं असतं तर माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं.

त्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर आता रोज सकाळी सातला एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती तीन गोष्टी पाहते: चालू कर्नल कालचाच आहे का, डिस्कवर नवा कर्नल आला आहे का, आणि एजंट स्वतःची तब्येत काय सांगतो. तिन्हींपैकी काही बदललं तर मला आणि तिथल्या लेखनिकाला मेल येतो. मेल आला नाही तरी महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो लेखनिक आयकारची फाइल बनवतो, अलर्ट येईपर्यंत थांबतो आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करतो.